हातावरचा तोल: टाळी नेमकी कुठे वाजवायची?

सुरूचं_बन

दिवाळी सरली की आपल्या किनाऱ्यावर जत्रा, पर्यटन महोत्सव, संमेलनं सुरू होतात. त्यात कधी कधी हातांवर तोल साधणारे व्यावसायिक कलाकारही बघायला मिळतात. मांडीइतक्या उंचीच्या दोन दांड्या, त्यांच्या टोकाला तळहाताएवढे लाकडी ठोकळे आणि त्यावर उलटा माणूस. ही कला बघायची कशी, यासाठी हा धागा काढतो आहे, कारण टाळी बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडते.

पाठ धनुष्यासारखी वाकवून पाय डोक्याच्या पुढे लोंबवले की मांडव दणाणतो. पण त्याच्या आधी तोच कलाकार दोन्ही पाय जुळवून, सरळ रेषेत, एका हातावर पाच सेकंद थांबलेला असतो आणि तेव्हा कुणी हलत नाही. लवचीक पाठीच्या माणसाला ते वाकणं तोलाच्या दृष्टीने फार जड जात नाही. पाय जुळवलेला सरळ एकहाती तोल मात्र सगळ्यांनाच जड जातो. पाय फाकले की गुरुत्वमध्य थोडा खाली येतो, शिवाय ते दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातातल्या काठीसारखे काम करतात. एक पाय बोटभर खाली, दुसरा बोटभर वर, की चूक सावरली. पाय जुळवले की ही काठीच हातातून जाते. उरतात फक्त मनगट, बोटं आणि खांदा.

म्हणून पायांकडे नंतर बघा, आधी बोटांकडे. शरीर पाठीच्या बाजूला कलायला लागलं की बोटांची टोकं ठोकळ्यात रुततात, नखं पांढरी पडतात. उलट बाजूला, म्हणजे पाय जिथून वर गेले त्या बाजूला परत येऊ लागलं की बोटं सैल होतात आणि तळव्याच्या मागच्या भागावर भार येतो. ही दुसरी बाजू अवघड, कारण मनगटाच्या मागे तळवा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर उरतो आणि दाबायला काही राहत नाही. त्यामुळे तयार कलाकार वजन कायम किंचित बोटांच्या बाजूला ठेवतो. शिकाऊ माणसाचे कोपर इथेच वाकतात. कोपर वाकला, की बोटांचं काम दंडाने केलं असं समजा.

ओहोटी

सुरूचं_बन, बोटांबद्दल लिहिलंत त्यामागचं गणित मांडतो.

उलटा उभा माणूस म्हणजे उलटा लंबक. मध्यम उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य तळहातापासून साधारण १ मीटर वर असतो. काहीच सावरलं नाही तर आलेला कल जवळपास पाव सेकंदात दुप्पट होतो, पुढच्या पाव सेकंदात चौपट. जाणवल्यापासून स्नायूने प्रतिसाद देईपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. म्हणजे डोळ्यांना कल दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तळव्यातला दाब बदलला की लगेच बोट दाबलं पाहिजे.

६० किलो वजनाच्या माणसाचा गुरुत्वमध्य आधाराच्या बिंदूपासून २ सेंटीमीटर सरकला की सुमारे १२ न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. दोन हातांवर तो निम्मा निम्मा वाटला जातो. एका हातावर सगळा एकाच मनगटावर, आणि आडव्या दिशेला आधार फक्त तळव्याच्या रुंदीचा, ८-१० सेंटीमीटर. पुढे-मागे बोटं आहेत, पण डावी-उजवीकडे काय? तिथे करंगळीची कड आणि अंगठ्याचा उंचवटा, एवढंच.

आणि नजर. ती दोन ठोकळ्यांच्या मधे, बोटांच्या रेषेच्या जरा पुढे, एका ठिपक्यावर असते. डोळे मिटले की डोलणं वाढतं, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. मधेच मान वर करून प्रेक्षकांकडे बघून हसणारा कलाकार तो ठिपका सोडतो आणि काही क्षण फक्त तळव्याच्या जाणिवेवर उभा असतो. ते हसू शोभेचं वाटतं, पण त्याला फार मोठी तयारी लागते.

ताजवा

मल्लखांबात तोलाच्या प्रकारांना ताजवे म्हणतात, यातच सगळं आलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, तेव्हापासून आपल्याकडे उलटं होणं कुणाला नवं नाही. कोकणातली मल्लखांब करणारी मुलं हातावरच्या तोलाकडे वळली तर त्यांचं काय उपयोगी पडतं आणि काय आड येतं, ते लिहितो.

उपयोगी पडतं ते असं: उलट्या स्थितीची भीती गेलेली असते, खांदे तयार असतात, पायाचे चवडे ताणलेले ठेवायची सवय असते. आड येते ती पकड. खांबावर संकट आलं की आवळायचं, मांड्या आवळायच्या, हात आवळायचे. ठोकळ्यावर आवळायला काही नाही, ढकलायचं असतं. जमीन खाली लोटतो आहोत अशा भावनेने खांदा कानापर्यंत वर गेला पाहिजे. दुसरी गोष्ट मनगटाची. खांबावर मनगट काटकोनात मागे वळून पूर्ण वजन घेत नाही, इथे तेच पहिल्या दिवसापासून लागतं. म्हणून मल्लखांबपटूलाही मनगटाची तयारी शून्यापासून करावी लागते, खांदे कितीही तयार असले तरी.

तेलाचा भागही उलटा. खांबाला एरंडेल लावतात. ते हाताला राहिलं असेल तर साबणाने दोनदा धुतल्याशिवाय ठोकळ्याला हात लावू नये. एकदा लाकडात मुरलं की घासूनही पटकन निघत नाही.

माडाची_सावली

एक शंका. काही कलाकार जमिनीवरून पायाने झटका देऊन वर जातात, काही बसलेल्या स्थितीतून पाय न टेकवता हळूच वर उचलतात. दुसरं अवघड दिसतं, पण ते निव्वळ ताकदीचं काम आहे ना? मग त्यात कला कोणती?

सुरूचं_बन

@माडाची_सावली, ताकद लागते, पण कमी. हा प्रकार खरा खांद्यांच्या पुढे-मागे सरकण्याचा आहे. पाय फाकवून, कमरेत दुमडून, हात टेकवले की खांदे बोटांच्याही पुढे न्यायचे. तिकडे वजन गेलं की इकडे पार्श्वभाग आपोआप हलका होऊन वर येतो. पार्श्वभाग खांद्यांच्या वर आला की खांदे हळूहळू मागे, मनगटाच्या रेषेत. पाय सगळ्यात शेवटी. चूक होते ती पाय आधी उचलण्याची. मग सगळं वजन मागे राहतं, पाठ कमानदार होते आणि दंडाच्या जोरावर ढकलावं लागतं. ज्याच्या मांड्यांचा मागचा भाग आखूड आहे, त्याला हे दुप्पट जड जाणार, ताकद कितीही असो.

बघताना एवढंच बघा की वर जाताना वेग कुठे बदलतो. अडचणीची जागा मधली, जिथे पार्श्वभाग खांद्यांच्या जरा खाली असतो. कच्चा माणूस तिथे घाई करतो. पक्का माणूस तिथेच सर्वांत सावकाश जातो. मला स्वतःला या कलेतला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो.

ओहोटी

एका दुरुस्तीसह सहमत. झटक्याने वर जाणं कमी दर्जाचं नाही. नियंत्रित झटक्यात पाय वर पोचतात तेव्हा वेग शून्य झालेला असतो, पुढे सावरावंच लागत नाही. झटका देऊन वर गेल्यावर हात ठोकळ्यावर पुन्हा जुळवून घेतले, तर तो झटका चुकला. हातांची ती सरकवासरकव मोजा. चांगल्या प्रयोगात ती जवळपास नसते.

आणखी एक. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत स्थिर स्थिती २ सेकंद धरली की गणली जाते. सर्कशीतला कलाकार एका हातावर असताना पाय फाकलेले, मग एका बाजूला झेंड्यासारखे, मग जुळवून सरळ, मग गुडघे पोटाशी, असे आकार बदलत राहतो, खाली न येता. प्रत्येक बदलात पाय जिकडे गेले त्याच्या उलट्या बाजूला कंबर सरकावी लागते. ते सरकणं डोळ्यांना दिसलं नाही, तर समजा काम फार वरचं आहे.

दर्यावर्दी

माका एक इचारूचा हा. एका हातार जातत तेव्हा दुसरो हात झटक्यान उचलतत की हळूहळू?

सुरूचं_बन

@दर्यावर्दी, हळूहळू, आणि तो हात उचलायचा नसतोच, तो रिकामा व्हायचा असतो. आधी दोन हातांवर पाय फाकवून स्थिर. मग सगळं शरीर आधाराच्या हाताकडे न्यायचं. खांदा मनगटाच्या बरोबर वर, कंबर त्याच्याही वर, त्या बाजूचा पाय किंचित खाली. दुसरा तळवा आता बोटांच्या टोकांवर. पाच बोटं, मग तीन, मग दोन, मग एक. शेवटच्या बोटावर वजन शून्य झालं की ते सुटतं, आणि सुटताना शरीराला कळतही नाही.

हात उचलल्यावर शरीर मोकळ्या हाताकडे पडलं, तर वजन पुरतं सरकलेलं नव्हतं. आधाराच्या बाजूला पडलं, तर खांदा बसला, म्हणजे कानापासून दूर गेला. शरीर स्वतःभोवती फिरलं, तर हात उचलताना मोकळा खांदा मागे गेला. पडायची दिशा बघूनच शिकवणारा चूक सांगतो.

दोन हातांवर एक पूर्ण मिनिट हात न हलवता उभं राहता येईपर्यंत एका हाताकडे वळू नये, असा साधारण रिवाज आहे. त्यानंतरही रोजच्या सरावाने स्वच्छ एकहाती तोल यायला काही वर्षं जातात.

पाणसळ

दांड्या इथे बनवून घेणाऱ्यांसाठी, कारण बाहेरून मागवलेल्या महाग पडतात आणि आपल्या हवेत टिकतही नाहीत.

उंची ५० ते ७० सेंटीमीटर. भरीव सळईच हवी असा समज आहे, तो चुकीचा. २५ मिलिमीटरची भरीव सळई मीटरला ३.८५ किलो भरते. ३८ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला २.६ किलो, आणि वाकायला अडीच पटींहून जास्त कडक. पाइपच घ्या. तळाला १० मिलिमीटर जाडीची पत्र्याची प्लेट. ६० बाय ४५ सेंटीमीटरची एक प्लेट सुमारे २१ किलोची होते, ती दोन्ही दांड्यांना पुरते. मधलं अंतर खांद्याच्या रुंदीइतकं, प्लेटमध्ये दोन-तीन जागी आटे पाडून ठेवले तर बदलता येतं.

डगडग पाइपात नसते, जोडात असते. पाइप नुसता प्लेटवर वेल्ड केला तर काही महिन्यांत वेल्डच्या कडेला केसासारखी चीर येते. चार बाजूंना तिकोनी पट्ट्या द्या, किंवा जाड सॉकेटमध्ये आट्याने बसवा आणि दर प्रयोगाआधी पान्याने आवळून बघा. खाऱ्या हवेत गंज आधी वेल्डवरच धरतो. स्टेनलेस घ्यायचं तर समुद्राजवळ ३०४ पेक्षा ३१६ बरं. साधं लोखंड असेल तर रेड ऑक्साइडचे दोन हात, वर रंग, आणि सॉकेटच्या आत ग्रीस. ग्रीसचा हात ठोकळ्याला लागू देऊ नका.

ठोकळा साधारण १३ बाय १० सेंटीमीटर, जाडी ४. सागवान किंवा जुना वाळलेला फणस. ओला फणस नको, पहिल्या उन्हाळ्यात तडकतो. कडा ४-५ मिलिमीटर गोल करा, म्हणजे बोटं कडेवरून खाली वळतात. ठोकळा किंचित उतरता बसवला, बोटांकडची बाजू खाली, तर मनगट पूर्ण काटकोनात जात नाही. पॉलिश, व्हार्निश, टचवुड काहीही नको. १२० नंबरच्या काचकागदाने घासून कोरा ठेवा. स्क्रूचं डोकं वरच्या पृष्ठभागावर येता कामा नये, स्क्रू खालून मारा.

मनगट_ताई

ताजवा दादांनी मनगटाचा विषय काढलाच आहे, तर त्यावर नीट लिहिते.

दुखतं कुठे, यावरून कारण कळतं. मनगटाच्या वरच्या बाजूला, मधोमध चिमटा बसल्यासारखं दुखत असेल तर मागे वळण्याची हद्द कमी आणि भार जास्त. सुरुवातीला उताराच्या फळीवर किंवा आडव्या बारवर सराव करा. करंगळीच्या बाजूला दुखत असेल तर हात बाहेर वळवून ठेवला जातो आहे, किंवा एका हातावर जाताना तळवा पिळला जातो आहे. हे दुसरं दुखणं अंगावर काढू नये, तिथली कूर्चा लवकर बरी होत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला ओढ लागणं हे बोटं वाकवणाऱ्या स्नायूंवर एकदम वाढलेल्या कामाचं लक्षण. तिथे सरावाचे सेट निम्मे करायचे, सराव बंद करायचा नाही.

सरावाआधी दहा मिनिटं तरी: गुडघ्यावर बसून तळवे टेकवून पुढे-मागे डुलणं, तळवे उलटे करून हलका ताण, मग तळवा जमिनीवर ठेवून बोटांच्या जोरावर तळव्याचा मागचा भाग उचलणं, १० वेळा, दोन-तीन फेऱ्या. हा शेवटचा व्यायाम लोक गाळतात, आणि तोल धरणारे स्नायू नेमके तेच आहेत.

भिंतीकडे पोट करून उभं राहायचं, हात भिंतीपासून १०-१५ सेंटीमीटर. ३० ते ४५ सेकंदांच्या चार फेऱ्या, मधे दोन मिनिटं विश्रांती. पाठ भिंतीकडे करून सराव केला की कमरेत केळ्यासारखी कमान पडते आणि ती सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. श्वास थांबला की फेरी संपली, मग घड्याळात काहीही दिसो.

वाळूबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे सगळे किनाऱ्यावरच सुरुवात करतात. कोरड्या वाळूत तळव्याचा मागचा भाग रुततो आणि मनगट काटकोनाच्याही पलीकडे जातं. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या रेषेलगतची ओली, घट्ट वाळू निवडा. पडायला शिकण्यासाठी ती उत्तम: तोल पाठीकडे गेला की एक हात पुढे टाकून कमरेत वळायचं आणि बाजूला उतरायचं. हे वळणं अंगवळणी पडल्याशिवाय दांड्यांवर चढू नका. दांड्यांवरून गुलाटी मारून सुटता येत नाही.

ताजवा

ताई, बोटांच्या व्यायामाबद्दल आभार. आमच्याकडे तो कुणी करत नाही, आता करून घेऊ.

दोघांच्या तोलाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. खालचा हात वर करून उभा, वरचा त्याच्या तळव्यांवर हात टेकून उलटा. दहीहंडीचा थर पाहिलेल्याला वाटतं की वरचा तोल सांभाळतो. इथे उलटं आहे. तोल खालचा सांभाळतो, वरच्याने फक्त ताठ राहायचं. वरचाही सावरायला लागला की दोघांच्या दुरुस्त्या एकमेकींवर आदळतात आणि डोलणं वाढत जातं. वर्षानुवर्षं एकट्याने तोल धरायला शिकलेल्या माणसाला हे सोडून देणं फार कठीण जातं. खालच्याच्या पायांकडे बघा. तो सतत अर्धं पाऊल सरकत असेल तर वरचा ताठ नाही, किंवा खालच्याला कल उशिरा कळतो.

माडाची_सावली

हे सगळं शिकतात कुठे? आपल्या सर्कशीत ही परंपरा कशी आली?

ओहोटी

@माडाची_सावली, थोडक्यात. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ केला. पुढे केरळातल्या तलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन या कळरीच्या (तिकडच्या युद्धकलेच्या) गुरूंशी त्यांचा संबंध आला आणि याच पश्चिम किनाऱ्यावर, जरा दक्षिणेला, कसरतपटूंची शाळा उभी राहिली. भारतीय सर्कशींना कित्येक पिढ्या कलाकार तिथून मिळाले. १९९८ च्या अधिसूचनेनंतर वाघ-सिंह रिंगणातून गेले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणली, ती योग्यच होती. त्यामुळे लहानपणापासून तंबूत तयार होणारी फळी संपली. तिच्या जागी शाळा, क्लब, आखाडे यांनी ही विद्या शिकवायला हवी होती, ते अजून पुरेसं झालेलं नाही.

बाहेर चीनमध्ये हबेई प्रांतातलं वूचियाओ हे या विद्येचं जुनं घर. कीवच्या सर्कस विद्यालयातून एकहाती तोलाचे फार मोठे कलाकार आले. माँटे कार्लोचा सर्कस महोत्सव १९७४ पासून भरतो, तिथल्या ‘सुवर्ण विदूषक’ या पुरस्काराला या जगात मोठा मान आहे.

दर्यावर्दी

बरा समाजला. आता किनाऱ्यार कार्यक्रम ठेवलो तर वाऱ्याचा काय करूचा? आणि ष्टेज कसो होयो?

पाणसळ

@दर्यावर्दी, आयोजकांनी हे विचारलं तर अर्धे अपघात टळतील.

वारा: दुपारभर समुद्राकडून वाहतो, सूर्यास्तानंतर पडतो, मग रात्री जमिनीकडून हलका सुरू होतो. हा प्रयोग त्या मधल्या पडलेल्या वेळात ठेवा. वाऱ्याचा वेग एकसारखा असेल तर कलाकार त्यावर टेकू शकतो, झुळका मात्र घातक. समुद्राच्या बाजूला कनात लावा, पण ती फडफडती नको, चारी बाजूंनी ताणून बांधलेली हवी.

मांडववाल्याच्या फळ्या उसळतात. दांड्यांची प्लेट फळीच्या मधोमध ठेवू नका, खालच्या आडव्या पाइपाच्या बरोबर वर आणा, खाली १९ मिलिमीटरचा प्लायवुड टाका आणि पाणसळ दोन्ही दिशांनी लावून बघा. तीन-चार मिलिमीटरचा उतारही एका हातावर कळतो. बासचे मोठे स्पीकर रंगमंचावर नकोत, जमिनीवर उतरवा. त्यांची थरथर थेट ठोकळ्यात येते.

प्रकाश स्थिर हवा, बाजूंनी. लुकलुकणारा दिवा आणि फिरता स्पॉट दोन्ही बंद, कारण ओहोटी म्हणाले तो नजरेचा ठिपका हलतो. धुराचं यंत्र अजिबात नको, त्याचा ओलसर थर लाकडावर बसतो. आणि पौष-माघात रात्री किनाऱ्यावर दंव पडतं. प्रयोग सुरू होईपर्यंत दांड्यांवर ताडपत्री टाकून ठेवा आणि आधी ठोकळे कोरड्या सुती फडक्याने पुसा.

मनगट_ताई

त्यात हाताच्या पावडरीचं जोडते. मॅग्नेशियम कार्बोनेट वापरायचं. टाल्कम आणि कॅरमची पावडर दोन्ही घसरड्या आहेत, त्या डब्यांची गल्लत होऊ देऊ नका. जाड थर देऊ नका, तो तळव्याखाली कणीसारखा फिरतो. चिमूटभर घेऊन तळवे एकमेकांवर चोळा, फुंकर मारा, बास. राळ लावायचा मोह होतो, पण आपल्या दमटपणात ती चिकट गोंद होते, आणि एका हातावर जाताना तळवा जो केसभर फिरायला हवा तो अडकतो.

माडाची_सावली

आणि पावसाळ्यात? जूनमध्ये पावडर डब्यातच ओली होते.

मनगट_ताई

हवाबंद डब्यात, तळाला सिलिका जेलच्या पुड्या कापडात गुंडाळून. मोठं पाकीट फोडून त्यातून रोज घेऊ नका, आठवड्यापुरतं छोट्या डब्यात काढा. ओली झालेली पावडर कढईत मंद आचेवर कोरडी करून घेतली तर पुन्हा चालते. ठोकळे मात्र आचेजवळ नेऊ नका, तडकतील. ते रात्री चुलीच्या खोलीत उंच फळीवर, उभे करून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागते.

पाणसळ

आणि दांड्यांच्या सॉकेटमध्ये पाणी साचतं, ते बघा. पावसाळाभर दांड्या उलट्या ठेवायच्या, प्लेट वर, आणि आट्यांत ग्रीसची चिंधी.